उत्तरेची भिंत

सिएटलजवळच्या बॉथेलमध्ये सुलेखाचा पब होता. मराठी मंडळात कोणी तिची अशी ओळख करून दिली की ऐकणारा आधी हसायचा, आणि मग तिच्या चेहऱ्याकडे बघून गप्प व्हायचा. तिने उभ्या आयुष्यात बिअरचा घोट घेतलेला नव्हता. तरी गेली चार वर्षं ती एकटी तो पब चालवत होती.

पब खरा राजीवचा, तिच्या नवऱ्याचा. दारावरच्या पाटीवर नांगराचं चित्र होतं आणि खाली नाव, ‘द प्लाऊ’. राजीवचे मित्र सरळ ‘नांगर’च म्हणायचे. “शुक्रवारी नांगरावर भेटू यार,” असे फोन चालायचे.

इमारत मात्र अस्सल इंग्लिश. इंग्लंडात सफोकमधल्या एका खेड्यात ती तीन-साडेतीनशे वर्षं उभी होती. साठच्या दशकात तिथला रस्ता रुंद करायचा ठरला आणि ती पाडायला निघाली. तेव्हा बॉथेलच्या एका लाकूड-व्यापाऱ्याने ती विकत घेतली, खांब न् खांब सुटा केला, जहाजाने सिएटलला आणला आणि इथे, फरच्या झाडांच्या सावलीत, पुन्हा जोडला. ओकच्या जाड खांबांचा सांगाडा, खांबांच्या मधे कुडाच्या भिंती, आणि वरचा मजला खालच्यापेक्षा हातभर पुढे आलेला. एखादी म्हातारी गॅलरीतून वाकून रस्त्यावरचं भांडण बघते ना, तसा. आत तुळया इतक्या खाली की उंच गिऱ्हाईक पहिल्या दिवशी कपाळ बडवून घ्यायचंच. चूल एवढी प्रशस्त, की तिच्या पोटात दोन्ही बाजूंना बाकं टाकलेली आणि त्यांवर बसून माणसं शेकत. चुलीपलीकडे एक चिमुकली खोली होती. चार जण बसले की पाचव्याने दारात उभं राहावं, एवढीच.

राजीव नव्वदीच्या दशकात कंपनीच्या कामावर सफोकलाच होता. एकटा, पंचविशीतला, नागपूरच्या उन्हात वाढलेला. त्या हिवाळ्यात दुपारी तीनलाच अंधारायचं आणि भाड्याच्या खोलीत हीटर चालत नसे. मग तो कोपऱ्यावरच्या पबात एक ग्लास घेऊन चुलीजवळ बसून राहायचा. “मला तिथून कोणी ऊठ म्हणालं नाही,” एवढंच तो पुढे सगळ्यांना सांगायचा. अमेरिकेत आल्यावर, ग्रीन कार्ड हातात पडलं त्याच वर्षी त्याने नोकरी सोडली आणि हा पब घेतला. सुलेखा तेव्हा बेलव्ह्यूला सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी करत होती. ती म्हणाली, “तू वेडा आहेस.” तो म्हणाला, “हो, आहे.” पुढे तो संध्याकाळी काउंटरमागे उभा राहायचा आणि ती ऑफिस सुटलं की येऊन हिशेब बघायची, हळूहळू किचनही बघायला लागली, आणि शेवटी नोकरी सोडून इथेच आली.

राजीव गेला तो हार्ट अटॅकने, एका सकाळी, घरीच. सुलेखाला वाटलं होतं वर्षभर चालवू, मग बघू. पण एक कुक सोडून गेला की दुसरा शोधावा लागायचा, बिअरचे पाइप दर आठवड्याला धुवावे लागायचे, पन्हाळीत फरची सुईसारखी पानं अडकायची, छताची कौलं निसटायची. ‘बघू’ म्हणायला सवडच मिळाली नाही. तिचा गुडघा दुखायचा, पण ते काही खरं दुखणं नव्हतं. खरं दुखणं म्हणजे दमणूक. रात्रभर झोपून उठलं तरी ती उशाशी बसलेलीच असायची.

म्हणून त्या वसंतात एका बिल्डरने जागेबद्दल विचारलं, तेव्हा तिने नाही म्हटलं नाही. त्याला अपार्टमेंट्स बांधायची होती. त्याला हवी होती जमीन. इमारतीचं काय करायचं हे त्याने विचारलंसुद्धा नाही.

बातमी फुटायला वेळ लागला नाही. डोरीन नावाची एक बाई पबात नियमाने यायची. निवृत्त शाळामास्तरीण, सत्तरीची, ताठ कण्याची. तिने शहराच्या वारसा-समितीकडे अर्ज केला, की ‘द प्लाऊ’ ऐतिहासिक वास्तू म्हणून जाहीर करावी, म्हणजे कोणाला ती पाडता येणार नाही. अर्जावर शंभरेक माणसांच्या सह्या होत्या. त्यातली निम्मी नावं सुलेखाने कधी ऐकलीही नव्हती. समितीने कळवलं, की मालकिणीची संमती असल्याशिवाय असं काही जाहीर होत नाही, पण त्याआधी इमारतीची तपासणी करून घेऊ.

तपासणीला आली ती रेणू. जुन्या इमारतींचं काम करणारी आर्किटेक्ट, चाळिशीच्या अलीकडची, शिकलेली पुण्याची, मूळची वाईची. दारात पाऊल टाकताच तिने वर बघितलं आणि बराच वेळ बघतच राहिली.

“काकू, तुम्ही रोज याच्याखाली उभ्या राहता?”

“मी रोज काउंटर पुसते,” सुलेखा म्हणाली. “वर बघायला वेळ कुठे असतो?”

रेणू हसली. मग दोन दिवस ती इमारतीच्या अंगाखांद्यावर चढत-उतरत होती. सुलेखा कामं करता करता तिच्याकडे बघायची. ती बोटाने खांब चाचपायची, टॉर्च लावून कोपऱ्यात डोकवायची, आणि काही दिसलं की हाक मारायची. “काकू, हे बघा, इथे खिळा नाही. एकही नाही. या लाकडाची जीभ त्या लाकडाच्या खाचेत बसवली आहे आणि आरपार लाकडाचीच खुंटी ठोकली आहे. आणि ही खूण दिसली? रोमन आकडा आहे. सुताराने आधी जमिनीवर सगळं मांडून, जुळवून बघितलं असणार. कुठला खांब कुठे हे विसरू नये म्हणून खुणा केल्या.”

सुलेखाने चष्मा लावून बघितलं. इतकी वर्षं त्या खुणेवर ती ओली फडकी वाळत घालत होती.

“आणि भिंती तर आपल्याच,” रेणू म्हणाली. “कुडाच्या. फांद्या विणायच्या, वर चिखल-गवत लिंपायचं, त्यावर चुना. माझ्या आजोळी गोठा असाच होता.”

दुसऱ्या दिवशी दुपारी रेणू बाहेरून उत्तरेच्या भिंतीपाशी गेली आणि बराच वेळ आत आली नाही. सुलेखा चहा घेऊन गेली, तर ती गुडघ्यांवर बसून भिंतीच्या पायथ्याशी हातोडीच्या मुठीने टकटक करत होती. आवाज पोकळ येत होता.

“काकू, हे प्लास्टर कोणी केलं?”

“राजीवने. का?”

“सिमेंटचं आहे.”

“हो. आधी चुन्याचं होतं, सगळ्या भेगा पडलेल्या. वारा यायचा आतून. त्याने एका उन्हाळ्यात सगळं खरवडून सिमेंट केलं. वर वॉटरप्रूफ रंगही दिला.”

रेणूने प्लास्टरचा एक सैल झालेला तुकडा उचकटला. आत जमिनीलगत आडवी तुळई होती, जिच्यावर त्या बाजूचे सगळे खांब उभे होते. रेणूने खिशातून टोच्या काढला आणि टेकवला. जोर दिलाच नाही, नुसता टेकवला. ओल्या केकमध्ये सुरी जावी तसा तो मुठीपर्यंत आत गेला.

सुलेखाच्या हातातला चहा तसाच राहिला.

“किती दूरवर आहे हे?” तिने विचारलं.

“या बाजूला सगळीकडे. खांबांचे पायही गेलेत.” रेणू उठून उभी राहिली. “कसं असतं काकू, चुना ओल आत घेतो आणि बाहेरही सोडतो. पाऊस लागला की भिंत भिजते, ऊन पडलं की वाळते. सिमेंट तसं सोडत नाही. एकदा केसाएवढी चीर पडली, की पाणी आत शिरतं आणि मग तिथेच राहतं. लाकूड आतल्या आत कुजतं. बाहेरून मात्र भिंत छान दिसते.”

“छानच दिसायची,” सुलेखा म्हणाली.

ती किचनमध्ये गेली आणि बटाटे सोलायला बसली. तिला तो उन्हाळा स्पष्ट आठवत होता. राजीवचे वडील नागपूरला पीडब्ल्यूडीत ओव्हरसियर होते. घरात काहीही गळलं, फुटलं, हललं, तर त्यांचं एकच उत्तर असायचं, सिमेंट लावा. राजीवचाही त्यावर तसाच विश्वास. आणि ते प्लास्टर त्याने कोणासाठी केलं होतं? हिशेबाचं टेबल उत्तरेच्या भिंतीला लागून होतं. तिथे बसलं की वाऱ्याने सुलेखाचा खांदा धरायचा. “तुझ्या पाठीला वारा लागतो,” असं म्हणून तो सगळा जुलै त्या भिंतीशी झटत होता. रंग वाळल्यावर त्याने तिला मुद्दाम तिथे नेऊन बसवलं होतं. “आता लागतो का वारा?” “नाही लागत.” केवढा खूश झाला होता!

तिला वाटलं, आता रडू येईल. आलं नाही. बटाटे संपले, तिने गाजरं घेतली.

निघताना रेणू किचनच्या दारात आली. सुलेखाने वर न बघता विचारलं, “त्याला हे कळायला हवं होतं का गं?”

“नाही काकू. अहो, खुद्द इंग्लंडात हजारो घरांना लोकांनी हेच केलंय. चांगलं व्हावं म्हणूनच केलं. परिणाम दिसायला वर्षं लागतात.”

“दुरुस्त होईल?”

“होईल. सिमेंट सगळं काढायचं, खांबांचे पाय कापून नवीन ओक जोडायचं, खालची तुळई बदलायची, परत चुना. वर्षभर पब बंद ठेवावा लागेल. आणि रोज उभं राहून करून घेणारं कोणीतरी लागेल. ज्याला ते मनापासून हवंय असं.”

सुलेखाने मान हलवली. ते कोण, हे दोघींनाही माहीत होतं, आणि तो आता या जगात नव्हता.

त्या संध्याकाळी तिने कबीरला फोन लावला. तिचा मुलगा क्युपर्टिनोला असायचा. फोनवर तो बहुतेक इंग्रजीतच बोलायचा.

“आई, जस्ट सेल इट. किती वेळा सांगू? यू आर एक्झॉस्टेड.”

“विकतेच आहे रे. ते नाही सांगायचं मला.” मग तिने भिंतीचं सांगितलं.

तो म्हणाला, “डॅड वॉज सो प्राउड ऑफ दॅट वॉल.” आणि मग मराठीत, अडखळत, “तू कोणाला सांगू नको ना, आई. बाबांनी केलं म्हणून.”

“नाही सांगत,” ती म्हणाली. पण फोन ठेवताना तिला वाटलं, यात लपवण्यासारखं काय आहे?

पुढच्या रविवारी दुपारी डोरीनने सगळ्यांना पबातच बोलावलं. वीस-बावीस माणसं जमली, काही चुलीतल्या बाकांवर, काही उभी. रेणूही होती. तिने तपासणीत काय निघालं ते सांगितलं. कोणामुळे, ते सांगितलं नाही. लोक हळहळले. कोणी म्हणालं आपण वर्गणी काढू, कोणी म्हणालं रविवारी रविवारी येऊन काम करू.

डोरीन उभी राहिली. “सुलेखा, तू फक्त संमतीची सही कर. बाकी सगळं होईल. या गावात अशी दुसरी जागा नाही. माझ्या हॅरॉल्डच्या दफनानंतर आम्ही सगळे इथेच जेवलो. तुला आठवतंय?”

“आठवतंय. मीच वाढलं होतं.”

“मग? हे गेलं तर आम्ही बसायचं कुठे?”

सुलेखा काउंटरमागे उभी होती. तिने फडकं खाली ठेवलं.

“डोरीन, तू मंगळवारी कुठे असतेस?”

“मंगळवारी?”

“मंगळवारी, बुधवारी, पावसाच्या दिवशी. तेव्हा इथे मी असते, कुक असतो आणि चूल असते. मला राग नाही आलेला. तुम्ही का रोज यावं? तुमची तुमची घरं आहेत. पण तुम्हाला ही जागा आहे असं हवंय, आणि ती असावी म्हणून रोज सकाळी उठायचं मी.” तिचा आवाज चढला नव्हता. ती एरवी दिवसाचा मेनू सांगायची तसंच बोलत होती. “ही आवड राजीवची होती. मी त्याच्यासाठी धरून ठेवलं. आता माझे हात दुखतात. मी सही करते, आत्ता करते. पण मग किल्ल्या तू घे.”

तिने खरोखरच किल्ल्यांचा जुडगा काढून काउंटरवर ठेवला.

डोरीन किल्ल्यांकडे बघत राहिली. आधारासाठी तिने खुर्चीची पाठ धरली. तिचंही वय झालंय हे सुलेखाला एकदम दिसलं, आणि आपण बोललो ते जरा जास्तच झालं असं वाटलं.

“मला नाही जमणार,” डोरीन हळूच म्हणाली.

“मलाही नाही,” सुलेखा म्हणाली.

मग रेणू बोलली. तिने आधी सुलेखाकडे बघितलं, बोलू का असं विचारल्यासारखं. “इमारत इथेच राहायला हवी असं नाही. ती सुटी होण्यासाठीच बांधलेली आहे. एकदा झालीही आहे. डोंगरापलीकडे, याकिमाच्या बाजूला, माझ्या ओळखीचं एक कुटुंब आहे, द्राक्षमळेवालं. त्यांना मळ्यात अशीच जुनी वास्तू हवी आहे. तिथे हवा कोरडी आहे. ओकला मानवेल.”

“म्हणजे आमच्याकडून जाणारच,” डोरीन म्हणाली.

“हो,” रेणू म्हणाली. “पण मरणार नाही.”

डोरीनने पर्स उचलली आणि कोणाशी न बोलता बाहेर पडली.

जमीन बिल्डरला विकली, इमारत मळेवाल्यांनी घेतली, आणि ऑगस्टमध्ये सुतारांची टोळी आली. आधी कौलं उतरली, मग छताचे वासे. सुलेखाला वाटलं होतं आपण यायचं नाही, पण पहिल्या दिवशी आलीच, आणि मग रोज येत राहिली. समोरच्या पार्किंगमध्ये, चुलीतून काढून ठेवलेल्या बाकावर बसून ती बघायची. कामगार खुंटीच्या बारक्या टोकावर लाकडी हातोडा मारायचे. खुंटी मागून बाहेर यायची आणि इतक्या वर्षांचा सांधा कुरकुरत सुटायचा. प्रत्येक लाकडावर सुताराचा कोरलेला आकडा होता, त्याच्या शेजारी साठच्या दशकातला लाल रंगाचा नंबर, आणि आता रेणूची माणसं निळी चिठ्ठी लावत होती.

उत्तरेची भिंत शेवटी राहिली. चुन्याचे पापुद्रे बाकीच्या भिंतींवरून सहज निघाले होते, पण सिमेंट ऐकेना. छिन्नी झाली, मग मशीन आणलं. घामाघूम झालेला एक कामगार पाणी प्यायला सुलेखाजवळ आला आणि चिडून म्हणाला, “कोणत्या शहाण्याने लावलंय हे?”

“माझ्या नवऱ्याने,” सुलेखा म्हणाली.

तो बिचारा ओशाळला. “सॉरी, मॅम.”

“नाही नाही. काम पक्कंच करायचा तो.” तिला हसू आलं, आणि हसता हसताच डोळे भरून आले. चार वर्षांत पहिल्यांदाच ती अशी, दिवसाउजेडी, लोकांसमोर रडली. कामगार टोपी हातात धरून उभा राहिला. मग तिने डोळे पुसले आणि त्याला आणखी पाणी दिलं.

सिमेंटचे मोठाले तुकडे खाली पडले. मागची तुळई लाकूड म्हणून उचलताच आली नाही. काळा भुगा झाला होता, तो फावड्याने भरून न्यावा लागला. खांबांचे वरचे भाग मात्र शाबूत निघाले. रेणू येऊन म्हणाली, “काकू, निम्म्याहून जास्त वाचलं.”

“वाचलं ना? मग झालं.”

दुपार कलल्यावर बाकावर दुसऱ्या टोकाला कोणीतरी येऊन बसलं. डोरीन होती. ती त्या रविवारनंतर पहिल्यांदाच दिसत होती. दोघी समोर बघत राहिल्या. आता तिथे नुसती विटांची जमीन उरली होती, आणि ती इतकी लहान दिसत होती, की एवढ्यात इतकी माणसं मावत कशी असतील असं वाटावं.

“मी मंगळवारी यायला हवं होतं,” डोरीन म्हणाली.

“मंगळवारी सूप बरं नसायचंच.”

डोरीन हसली नाही. “आता तू काय करणार?”

“उद्या? झोपणार.”

“आणि मग?”

“अगं, झोपू तर दे आधी,” सुलेखा म्हणाली.

पुढच्या वसंतात याकिमाजवळ इमारत उभी राहिली. मळेवाल्यांनी उद्घाटनाला बोलावलं, कबीर क्युपर्टिनोहून येऊन न्यायलाही तयार होता, पण सुलेखा गेली नाही. गुडघ्याचं निमित्त सांगितलं. रेणूने फोटो पाठवले. खांबांना खाली नव्या ओकचे पिवळसर पाय लावले होते, जुन्या माणसाने नवे बूट घालावेत तसे. सुलेखाने फोटो मोठे करून करून बघितले आणि कबीरला पाठवले. त्याचं एका शब्दाचं उत्तर आलं, “सुंदर.” मराठीत.

ती आता बॉथेलमध्येच एका छोट्या अपार्टमेंटमध्ये राहते. दमणूक गेलेली नाही. डॉक्टर म्हणतात वेळ लागेल. पण सकाळी जाग आली की लगेच उठावं लागत नाही, कूस बदलून पडून राहता येतं. आठवड्यातून एकदा डोरीन येते, जिना चढून धापा टाकते, खुर्चीत बसते आणि या गावात आता बसायला एक धड जागा उरली नाही म्हणून कुरकुर करते. सुलेखा तिला ती करू देते आणि चहाचं आधण ठेवते.